गाडीवर फिरून डोळे लाल, कोरडे होतात? काय करायचं आणि मेडिकलमधून काय आणायचं नाही

मी ठिबकच्या फिल्डवर्कला आहे. माळशिरस तालुका आणि आजूबाजूची गावं, रोजचे ८०-१०० किलोमीटर गाडीवर, त्यातले निम्मे तरी मातीच्या रस्त्याने. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्यांच्या मागची धूळ आणि उडणारं पाचट, कारखान्याजवळून गेलं की वरून पडणारी काळी काजळी, आणि मधली काही वर्षं पालखी मार्गाचं रुंदीकरण चालू होतं तेव्हा तर विचारूच नका. संध्याकाळी घरी आलो की बायको दारातच म्हणायची, अहो आरशात बघा, डोळे गुंजेसारखे लाल झालेत.

आणि मी काय करायचो, तर मेडिकलमध्ये जाऊन म्हणायचो डोळे लाल झालेत, काहीतरी द्या. त्याने एक छोटी बाटली दिली, घातली, अर्ध्या तासात डोळे पांढरेशुभ्र, एकदम गार वाटायचं. मग ती बाटली खिशातच राहायला लागली. संपली की दुसरी. असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. वडिलांना मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन गेलो होतो, तिथे डॉक्टरनी माझे डोळे बघून सहज म्हटलं तुमचंही बघून घेऊ, आणि डोळ्यांचं प्रेशर निघालं २८. नॉर्मल साधारण १० ते २१ असतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुठला ड्रॉप घालता? खिशातून बाटली काढून दिली तर त्यात स्टेरॉइड होतं. दीड वर्ष मी स्टेरॉइड घालत होतो आणि मला माहितीच नव्हतं. माझं नशीब चांगलं की ड्रॉप बंद केल्यावर दीड महिन्यात प्रेशर १७ वर आलं आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब झालेली नव्हती. प्रेशर वाढून नस गेली की त्याला काचबिंदू म्हणतात आणि त्यात गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही, मोतीबिंदूसारखं नाही ते. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण माझ्यासारखे गाडीवर फिरणारे, कुरिअरवाले, दूधवाले, वायरमन, एमआर, शेतात दिवसभर राबणारे, सगळे हेच करत असतात.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, लाली हा आजार नाही. डोळा वरून सुकला की चिडतो आणि चिडला की बारीक रक्तवाहिन्या फुगतात, ती आपल्याला लाली दिसते. लाली घालवली म्हणजे कोरडेपणा गेला असं होत नाही, फक्त ओरडणाऱ्याचं तोंड दाबल्यासारखं आहे ते.

डोळा सुकतो कसा ते मला डॉक्टरनी समजावलं तसं सांगतो. डोळ्यावर पाण्याचा एक पातळ थर असतो, पण ते नुसतं पाणी नसतं. सगळ्यात आत चिकट थर, जो पाणी डोळ्याला धरून ठेवतो, मधे पाणी, आणि वरून तेलाचा एकदम बारीक तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला ज्या बारीक ग्रंथी असतात त्यातून येतं. आमटीवर तर्री असली की ती लवकर गार होत नाही ना, तसंच, वरचं तेल आहे तोवर खालचं पाणी उडून जात नाही. आपण मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी मिटतो आणि दरवेळी हा थर नव्याने पसरला जातो. आता गाडी ५० च्या स्पीडने चालली की समोरून तेवढाच वारा डोळ्यावर, हवा कोरडी, वर धूळ, आणि रस्त्यावर लक्ष ठेवायचं म्हणून आपण पापणीही कमी मिटतो. मग एकदा पापणी मिटल्यापासून परत मिटेपर्यंतच्या मधल्या वेळातच थर फाटतो आणि तेवढा भाग उघडा पडतो. चुरचुर तिथून सुरू होते.

आणि हो, माझ्या डोळ्यातून तर पाणी वाहतं मग कोरडे कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. उघडा पडलेला डोळा मेंदूला कळवतो आणि मेंदू एकदम भसाभसा पाणी सोडतो, पण त्या पाण्यात तेल आणि चिकटपणा पुरेसा नसतो, ते गालावर येतं आणि डोळा तसाच. गाडीवर पाणी येतं आणि घरी बसल्यावर वाळू गेल्यासारखं खुपतं, असं असेल तर बहुतेक वेळा कोरडेपणाच असतो.

पण सगळी लाली कोरडेपणाची नसते, हे ओळखता आलं पाहिजे. चुरचुर, वाळू गेल्यासारखं वाटणं, संध्याकाळी जास्त, नजर मधेच धूसर होते आणि पापणी मिटली की परत साफ होते, हे कोरडेपणाचं. नुसती खाज, चोळतच राहावंसं वाटतं, सोबत शिंका, ठराविक सीझनला, हे ॲलर्जीचं. सकाळी पापण्या चिकटलेल्या, चिपडं, पू, आधी एक डोळा मग दुसरा, घरात अजून कोणाला झालंय, म्हणजे डोळे आलेत. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून साथ पसरली होती ती हीच, तेव्हा हात धुणं आणि टॉवेल वेगळा ठेवणं हेच मोठं काम होतं. आणि कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात एकदम रक्ताचा लाल डाग दिसतो, दुखत नाही, नजरही ठीक असते, तो खोकल्याने किंवा जोर लागल्याने बारीक शीर फुटून येतो, दिसायला भीतीदायक असतो पण आठवडा-दोन आठवड्यात आपोआप जातो, फक्त बीपी एकदा तपासून घ्या. या सगळ्याला एकच ड्रॉप कसा चालेल तुम्हीच सांगा.

आज डोळे लाल झालेत, आत्ता काय करू

घरी आल्यावर पहिल्यांदा हात साबणाने धुवा. डोळ्याला हात लावायच्या आधी, नंतर नाही. मग डोळे मिटून तोंड धुवा, पापण्यांवरची धूळ, घाम, सगळं निघू दे. आपल्याकडे तोंडात चूळ धरून उघड्या डोळ्यांवर पाण्याचे सपकारे मारायची सवय आहे, मीही लहानपणापासून करायचो, पण कोरड्या डोळ्याला त्याने उलटंच होतं, उरलासुरला तेलाचा थर धुऊन जातो, क्षणभर गार वाटतं आणि दहा मिनिटांनी जास्त चुरचुरतं. शिवाय बोअरचं पाणी, टाकीचं पाणी, त्यात काय काय असतं. कचरा किंवा चुन्यासारखं काही गेलं असेल तरच डोळ्यात पाणी घ्या, ते कसं ते पुढे सांगतो.

तोंड पुसलं की लुब्रिकंट ड्रॉपचा, म्हणजे डोळा ओला ठेवणाऱ्या ड्रॉपचा (नावं पुढे देतो) एक थेंब, पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहा. डोळे फार पेटले असतील, खाज असेल तर स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. बर्फ थेट लावू नका.

आणि रोज त्रास असेल तर रात्री गरम शेक. हा मला सगळ्यात जास्त लागू पडला आणि याला एक रुपया खर्च नाही. ग्रंथींमधलं तेल घट्ट होऊन बसलेलं असतं, थंडीत तूप थिजतं तसं, ते शेकाने पातळ होऊन बाहेर येतं. स्वच्छ सुती फडकं गरम पाण्यात पिळायचं, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, तिथे सहन झालं तरच मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचं. फडकं दोन मिनिटांत गार होतं म्हणून परत परत पिळून घ्यायचं, एकूण ८-१० मिनिटं. मग बोटाने हलकं दाबत वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने, आठ-दहा वेळा. जोर लावायचा नाही, डोळा दाबायचा नाही. शेवटी ओल्या कापसाने पापण्यांची कड पुसायची, कोंड्यासारखं काही बसलेलं असेल ते निघतं. पहिले चार दिवस काही वाटणार नाही, दोन-तीन आठवडे नेमाने केलं की फरक कळतो. डोळे आलेले असतील, पू असेल, तर हा शेक आणि मालिश नको.

ड्रॉप कुठला घ्यायचा

मेडिकलमध्ये जाऊन डोळे लाल झालेत असं म्हणूच नका. म्हणा, डोळे कोरडे पडतात, लुब्रिकंट ड्रॉप द्या, आणि बाटली हातात घेऊन नावं वाचा. कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, किंवा हायप्रोमेलोज, किंवा सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्के, यातलं काहीतरी पाहिजे आणि दुसरं कुठलं औषध त्यात मिसळलेलं नको. कार्बोक्सीवाला १ टक्क्यात पण येतो, तो घट्ट असतो, घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून तो घरी, गाडीवर निघताना ०.५ वाला. रात्रीसाठी जेल किंवा मलम येतं, ते झोपतानाच, कारण लावल्यावर काही दिसत नाही. दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असेल तर प्रिझर्वेटिव्ह नसलेला मागा, थोडा महाग पडतो पण बाकीच्या बाटल्यांत बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं आणि तेच दिवसभर पडत राहिलं तर डोळ्याला टोचतं.

आता जे घ्यायचे नाहीत ते. एक, लाली घालवणारे, ज्यात नाफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन असं काही लिहिलेलं असतं. हे रक्तवाहिन्या आवळून धरतात म्हणून डोळा पांढरा दिसतो, असर उतरला की त्या परत फुगतात, कधी आधीपेक्षा जास्त, मग परत ड्रॉप, आणि माणूस त्या चक्रात अडकतो. लग्नात फोटोसाठी एखाद्या वेळी कोणी घातला तर गोष्ट वेगळी, रोजचा नको. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, स्टेरॉइडवाले. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लूरोमेथोलोन, यातलं एक जरी नाव बाटलीवर दिसलं तरी डॉक्टरने चिठ्ठी दिल्याशिवाय आणि किती दिवस घालायचं ते सांगितल्याशिवाय डोळ्यात टाकू नका. बऱ्याचदा हे अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतं, पुढे सिप्रोफ्लोक्सासिन नाहीतर क्लोरॅम्फेनिकॉल आणि मागे बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, आपल्याला वाटतं इन्फेक्शनचा साधा ड्रॉप आहे. स्टेरॉइडने लाली फार पटकन जाते, म्हणूनच ते खपतं. पण महिनोन्‌महिने घातलं तर काहींचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू लवकर होतो, आणि डोळ्यात बुरशीचं किंवा नागिणीच्या जातीच्या व्हायरसचं इन्फेक्शन असेल तर ते आगीसारखं पसरतं. सगळ्यांचं प्रेशर वाढत नाही, पण ज्याचं वाढतं त्याला दुखत नाही, दिसायला कमी होत नाही, काहीच कळत नाही. मला तरी कुठे कळलं होतं.

स्टेरॉइड म्हणजे विष असं मी म्हणत नाहीये, ऑपरेशननंतर, काही ॲलर्जीत डॉक्टर देतातच आणि ते लागतंच. ते सांगतील तेवढे दिवस घालायचं आणि उरलेली बाटली फेकून द्यायची, शेजारच्याला द्यायची नाही.

घरगुती उपायांचं पण बोलतो कारण प्रत्येक घरात कोणीतरी सांगणारं असतंच. गुलाबपाणी, मध, एरंडेल, लिंबाचा रस, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध, तुरटीचं पाणी, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. डोळ्यात जाणारी वस्तू निर्जंतुक लागते आणि किराणा दुकानातलं गुलाबपाणी तसं नसतं. काकडीच्या चकत्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायच्या असतील तर ठेवा, गार वाटतं एवढंच.

ड्रॉप घालायची पद्धत

यात बहुतेकांचं चुकतं. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा आणि त्यात एकच थेंब. डोळ्यात मुळात एक थेंबसुद्धा पूर्ण मावत नाही, दोन-तीन टाकले की ते गालावर. बाटलीचं टोक पापणीला, केसांना लागता कामा नये. मग डोळा हळू मिटायचा, मिचमिच करायची नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यात बोटाने एक-दोन मिनिटं हलकं दाबून धरायचं म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मधे ५-१० मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख पेनाने तिच्यावर लिहा, साधी बाटली महिन्याने फेकायची, उरली असली तरी. प्रिझर्वेटिव्ह नसलेल्याचं वेगळं असतं, काही एकदा वापरून फेकायचे असतात, तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि ड्रॉप गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये डिकी भट्टी असते. घरातली बाटली सगळ्यांनी वापरायची नाही, ज्याची त्याची वेगळी.

गाडीवर निघताना

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण डोळ्यावर वारा बसायचा थांबला की अर्धं काम झालं, ड्रॉप नंतरची गोष्ट.

हेल्मेट फुल फेस घ्या आणि काच खाली ठेवा. सांगायला सोपं आहे, मला माहितीये. आपण काच वर का करतो? गुदमरतं, धुकं धरतं, किंवा काचेवर ओरखडे पडून समोरची लाइट फुटते म्हणून. मग त्यावर उपाय करा. ओरखडे आपणच पाडतो, धुळीची काच कोरड्या फडक्याने पुसून. आधी ओलं फडकं मिनिटभर काचेवर ठेवून धूळ भिजू द्या, मग हलकं पुसा. काच वेगळी मिळते, दर वर्षी-दीड वर्षाने बदला, हेल्मेटच्या मानाने पैसे काहीच नाहीत. धुकं धरत असेल तर हनुवटीजवळचं व्हेंट उघडा. काळी किंवा रंगीत काच घेऊ नका, रात्री काही दिसत नाही. अर्धं हेल्मेट किंवा बिनकाचेचं असेल तर डोळ्यांच्या दृष्टीने उघडं डोकंच समजा.

फुल फेस नकोच असेल तर हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंग-वेल्डिंगचं सामान मिळतं तिथे पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक सेफ्टी गॉगल असतात, बाजूने बंद. माझ्याकडे दोन आहेत, एक गाडीला, एक शेतात उतरताना. फॅशन नाही ती, पण संध्याकाळी सातला उसाच्या कडेने जाताना जी चिलटं आणि पाखरं तोंडावर येतात ना, तेव्हा याच्यासारखी वस्तू नाही. पॉलिकार्बोनेट पारदर्शक असलं तरी उन्हातले अतिनील किरण बहुतेक सगळे अडवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

उन्हाचा गॉगल घ्यायचा तर काच किती काळी आहे ते बघू नका, यूव्ही ४०० लिहिलंय का बघा (यूव्ही म्हणजे तेच अतिनील किरण), आणि लिहिलेल्यावर विश्वास नसेल तर बऱ्याच चष्म्याच्या दुकानात मीटर असतं, मिनिटात तपासून देतात. रस्त्यावरचा नुसता काळा गॉगल यूव्ही अडवत नसेल तर उलटा त्रास, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जास्त जातात. आकाराने मोठा, चेहऱ्याला वळून बसणारा घ्या, बाजूने वारा आला की काचेचा काय उपयोग. माझ्या वडिलांनी आयुष्यभर उघड्या डोळ्यांनी रान केलं, त्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून काळ्या बुबुळापर्यंत आलंय. ऊन, वारा, धूळ वर्षानुवर्षं लागली की हे होतं, आमच्या गावात साठीच्या पुढच्या कितीतरी माणसांना आहे. टोपी, पंचा, फेटा, काहीतरी डोक्यावर घ्याच, वरून येणारं ऊन तेवढं कमी.

स्कार्फ आणि मास्कवाल्यांसाठी एक गोष्ट. पुण्यात मुली तोंड पूर्ण बांधून फिरतात, धुळीसाठी ते चांगलंच आहे, पण डोळे उघडेच राहतात आणि वर नाकाजवळ फट राहिली की प्रत्येक श्वास खालून सरळ डोळ्यावर जातो. तो डोळा जास्त सुकवतो. नाकावर कापड घट्ट बसवा, मास्कची तार नीट दाबा, आणि वरून गॉगल.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून धुळीत गाडी चालवत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला. आणि लेन्स कधीही नळाच्या, विहिरीच्या पाण्याने धुऊ नका, लेन्स घालून पोहू नका, त्या पाण्यातल्या अमीबाने बुबुळ सडतं आणि ते बरं व्हायला महिने जातात.

निघायच्या आधी एक थेंब, पोचल्यावर एक थेंब. आणि सिग्नलला, टोलला, कुठेही थांबलं की दोन सेकंद डोळे पूर्ण मिटून उघडायचे, चार-पाच वेळा. अर्धवट मिटणं नाही, वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे.

बाहेरचं एकटंच कारण नसतं

मी दिवसभर वाऱ्याला दोष द्यायचो, पण रात्री जेवल्यावर दोन तास मोबाइल बघायचो. स्क्रीन बघताना पापणी मिटणं निम्म्याच्याही खाली येतं. दिवसभर सुकलेल्या डोळ्याला रात्री विश्रांती नाही मग सकाळी उठतानाच लाल. झोपताना टेबल फॅन किंवा एसीचा झोत तोंडावर असेल तर दिशा बदला, काहींच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, घरच्यांना विचारा. चारचाकीत एसीची हवा तोंडावर घेऊ नका, पायाकडे वळवा.

अजून एक, धुळीने सर्दी होते म्हणून रोज सेट्रिझिनसारखी गोळी घेणारे खूप आहेत. त्या गोळीने नाक सुकतं तसे डोळेही सुकतात. बंद करा असं सांगत नाही, डॉक्टरला विचारा. काही बीपीच्या, डिप्रेशनच्या, मुरुमांच्या गोळ्यांनीही होतं. डायबेटिस असेल, बायकांना पाळी जायच्या वयात, तेव्हाही डोळे कोरडे पडतात. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं आणि सांधे दुखतात, असं असेल तर हा नुसत्या धुळीचा त्रास नाही, फिजिशियनला दाखवा.

पाणी भरपूर प्या, उन्हात फिरणाऱ्याने प्यायलाच पाहिजे. जवस, मासे, ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल याबद्दल खूप बोललं जातं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात कॅप्सूल घेणारे आणि साधं ऑलिव्ह तेल घेणारे यांच्यात काही खास फरक निघाला नव्हता. जवसाची चटणी खा, चांगलीच असते, पण महागड्या कॅप्सूलवर पैसे घालायची घाई नको. बिडी-सिगारेट ओढत असाल तर तो धूर सगळ्यात आधी तुमच्याच डोळ्यात जातो.

कचरा, कुसळ, चुना

धूळ गेली तर चोळायचं नाही. चोळल्याने कण बुबुळावर घासतो, आणि लहान मुलं ॲलर्जीने सतत डोळे चोळतात त्यांचं बुबुळ पुढे पुढे टोकदार होत जाऊ शकतं. वरच्या पापणीचे केस धरून ती खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा, खालचे केस झाडूसारखं काम करतात. नाही निघालं तर उकळून गार केलेलं किंवा बाटलीबंद पाणी वाटीत घेऊन त्यात डोळा बुडवून उघडझाप करा. पदराचा बोळा करून त्यात फुंकर घालून मिटलेल्या डोळ्याला ऊब द्यायची, हे आईचं औषध चालेल, कापड स्वच्छ असलं म्हणजे झालं. पण काही गावांत अजूनही जिभेने कण काढणारे आहेत, ते नको, तोंडातले जंतू थेट बुबुळावर जातात. काडी, पिन, कापसाचा बोळा, काही आत घालू नका.

मळणीच्या वेळी, सोयाबीन, तूर, ज्वारी कुठलीही असो, कुसळ नाहीतर भूस डोळ्यात जातं, ऊस तोडताना पान सप्पकन डोळ्याला लागतं. हे मी वेगळं सांगतोय कारण झाडापाल्याचं लागलं की त्यातून बुरशी आत जाते, पहिले दोन-तीन दिवस थोडं खुपतं एवढंच, माणूस मेडिकलचा ड्रॉप घालतो, त्यात स्टेरॉइड असलं तर बरं वाटतं, आणि आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. तोवर उशीर झालेला असतो. पिकाचं काही लागलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. थ्रेशरवर उभं राहताना आणि फवारणी करताना तो हार्डवेअरवाला गॉगल घाला, मजुरांनाही द्या.

तंबाखूचा चुना, कळीचा चुना, खत, फवारणीचं औषध डोळ्यात गेलं तर एक सेकंद घालवू नका. इथे निर्जंतुक वगैरे बघायचं नाही, जे स्वच्छ पाणी जवळ असेल, मोटारीचं, हंड्यातलं, ते डोळा उघडा धरून ओतत राहायचं, अर्धा तास. चुना जो डोळा जाळतो तो आत आत जात राहतो. चुन्याचे कण पापणीखाली दिसले तर धुता धुताच काढायचे. अर्धा तास धुऊन झाल्यावर दवाखाना, आधी नाही. चुन्याच्या पुड्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, दाबली की फुटते आणि सरळ डोळ्यात उडते.

कधी वाट बघत थांबायचं नाही

डोळा दुखतोय, चुरचुर नाही, ठणका. उजेड सहन होत नाही. पापणी मिटूनही धूसरपणा जात नाही. बुबुळावर पांढरा ठिपका. एकच डोळा लाल आणि दोन दिवसांत कमी नाही. लेन्स घालणाऱ्याचा लाल डोळा. ग्राइंडर किंवा छिन्नी-हातोडी चालवताना काही उडालं. लाइटभोवती रंगीत गोल दिसतात, डोकं प्रचंड दुखतं आणि उलटी होते, हे तर रात्री बारालाही जायचं, प्रेशर एकदम वाढलेलं असू शकतं. यातलं काहीही असलं तर ड्रॉप, शेक, काही करत बसू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

यातलं काही नाही, नुसता कोरडेपणा आहे, तर वर सांगितलेलं तीन-चार आठवडे करून बघा. फरक नाही पडला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, चष्म्याच्या दुकानात नाही. ते खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात आणि किती ओली झाली ते मोजतात, १० मिलिमीटरच्या खाली असेल तर पाणी कमी आहे. दुसरी तपासणी, नारंगी रंगाचं औषध घालून निळ्या लाइटखाली बघतात की पापणी उघडल्यावर तो थर किती सेकंद टिकतो, १० सेकंदांच्या आत फाटला तर तेल कमी पडतंय. माझा चौथ्या सेकंदाला फाटत होता. दुखत काही नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. जाताना घरातल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या, अर्ध्या, जुन्या, एका पिशवीत घालून घेऊन जा आणि रोजच्या गोळ्याही, म्हणजे काय किती दिवस घातलंय ते त्यांना लगेच कळतं, आणि स्टेरॉइड घातलं असेल तर सांगा की प्रेशर मोजा.